चारशे दोन मीटर

कंपनी म्हणते, अकरा.
कंपनीचं काय, ती क्रँकवर मोजते.
चेनने, गिअरने, टायरने मधल्यामधे किती खाल्लं
ते तिला विचारायचं नसतं.

आम्ही डांबरावर मोजतो.
सिन्नरच्या अलीकडे, माळेगावच्या मागच्या अंगाला,
जिथे प्लॉटचे दगड रोवलेत पण कारखाने अजून यायचेत,
तिथे मुनाफचाचांनी चुन्याने दोन रेघा मारल्या.
टेप मोजणीवाल्याकडून उसनी आणलेली.
दुसऱ्या टोकाला मी, चपला हातात घेऊन.

वजन केलं द्राक्षांच्या काट्यावर.
निवृत्तीच्या शेडमध्ये क्रेट सरकवून गाडी चढवली,
वर तो, डोक्यावर हेल्मेट.
आकडे थरथरून थांबले एकशे अडुसष्टला.
चाचा म्हणाले, "एक्सपोर्टचा माल."

पुढचं माझं.
सातपूरला आठ तास मी व्हर्नियर धरते,
बुशचा शतांश हलला तर अख्खा लॉट परत पाठवते.
इथे हातात एक स्टॉपवॉच आणि वहीत एक जुनं सूत्र,
त्याला किलो कळत नाहीत, पौंड करून द्यावे लागतात.
वेळेला एका ठरल्या आकड्याने भागायचं,
आलेलं स्वतःशीच गुणायचं, पुन्हा गुणायचं,
त्याने वजनाला भागलं की निघतात ते घोडे.
अंगठा जरा उशिरा पडला
तर चूक तिप्पट होऊन वहीत बसते.

पहिल्या रविवारी अठरा पूर्णांक नऊ सेकंद.
म्हणजे दहा पूर्णांक आठ.
"उरलेला पॉइंट दोन कुठे गेला?" निवृत्ती.
"शेपूट गॅरेजमध्ये राहिली असेल."

मग अंबडच्या पत्र्याखाली तीन आठवडे.
चाचांची फाइल पेन्सिलीएवढी,
एक्झॉस्टचं तोंड अर्धा मिलिमीटर वर, बस्स.
"घासलेलं लोखंड परत येत नाही, बेटा,"
प्रत्येक चार हातांनंतर मला मोजायला लावत.
हेड लेथवर उतरवलं.
सायलेन्सर काढून तिथे बसवली
उंदीर गिळलेल्या सापासारखी मधेच फुगलेली नळी.
साडीगार्ड, स्टँड, मागची सीट, सगळं पोत्यात.

आणि थंडी आली.
निफाडला पारा चारवर. निवृत्ती रात्रभर बागेत
शेकोट्या पेटवत हिंडला, मणी तडकू नयेत म्हणून,
आणि पहाटे धुराचा वास घेऊन आमच्याकडे.
डोळे लाल. म्हणाला, "लवकर करा, ऊन नको चढायला."
थंड हवा दाट असते, इंजिनाच्या एका घोटात जास्त मावते.
जिला बागेतून हाकलून आला
तिचीच वाट बघत उभा होता, हात काखेत.
चाचांनी जेट एक नंबर मोठा टाकला.
एवढ्या हवेला जुनं पेट्रोल पुरलं नसतं,
पिस्टन चिकटला असता
आणि घोडे मोजायला कोणी उरलं नसतं.

सोळा पूर्णांक चार.
मी भागाकार दोनदा केला. साडेसोळा.
निवृत्ती चुन्याच्या रेघेवरच नाचला, रेघ गेली.

"आता उलटं पळव," मी म्हणाले.
"का?"
"वारा पाठीमागून होता."

उलट्या बाजूने सोळा पूर्णांक नऊ.
पंधराच्या जरा वर.
कोणी काही बोललं नाही. चाचांनी प्लग काढला,
फडक्यात धरून उजेडाकडे नेला, बेदाण्याचा रंग,
जसा हवा तसा. मला दाखवला, बाहेरून, हात न लावू देता.
मी वहीत दोन्ही आकडे लिहिले, एकाखाली एक,
सरासरी काढायची जागा मोकळी ठेवली.

तेवढ्यात बागेतून पुष्पलताचा फोन.
दोघांनी एकदमच विचारलं, "किती?"
तो पारा विचारत होता, ती घोडे.
"सात," ती म्हणाली, "वाचलं सगळं. तुझं?"

तो फोन कानाला लावून
माझ्या वहीकडे बघत राहिला.