पाठीने पोचणारा माणूस

रोसामेलचे दोन्ही खांदे एकाच हिवाळ्यात गेले.
आधी डावा, मग त्याच्या सोबतीला उजवा.
कास्त्रोच्या डॉक्टरणीने एक्स-रे खिडकीला धरला
आणि सांगितलं, वल्हं बंद,
बादलीसुद्धा अर्धीच भरायची.
तो तिथून सरळ माझ्या वेल्डिंगच्या दुकानात.
रिकामं खोकं ओढून बसला,
पँट गुडघ्यापर्यंत वर करून म्हणाला,
"हे बघ. हे अजून शाबूत आहेत."

बदली होऊन गेलेल्या मास्तरची सायकल शाळेमागे गंजत होती.
तिचे पेडल घेतले, साखळी घेतली,
माझ्या मेलेल्या ग्राइंडरची काटकोनी गिअरपेटी,
मासळीच्या कारखान्यातला भंगार पंखा घासून घासून
त्याची तीन पाती.
एवढं सोपं होतं.
अवघड होतं ते भोक.
होडी सायप्रसची, त्याच्या बापाने बांधलेली,
पन्नास वर्षांत थेंब आत आला नव्हता,
आणि मी तिच्या तळाला ड्रिल लावणार.
तो बाहेर गेला, पावसात उभा राहिला.
भुसा पडत राहिला,
इतक्या जुन्या लाकडाला इतका ताजा वास!
तो बाहेरही गेला असणार.
आत आला तेव्हा भोकाकडे न बघता
त्याने विचारलं, "ग्रीस आहे ना भरपूर?"

पहिल्या दिवशी निघाला झोकात.
अख्खं गाव धक्क्यावर, पोरं, कुत्री, पाद्रीसुद्धा.
परत येताना थांबायला म्हणून पेडल उलटे मारले
तर नुसतं टिक टिक टिक.
सायकलचं फ्रीव्हील, उलटं फिरतं, पण ओढत नाही,
हे माझ्या लक्षातच नव्हतं.
नाळ धक्क्याला, रोसामेल बटाट्यांच्या पोत्यात,
पाद्र्याने क्रूस काढला, मग तोंड फिरवून हसला.
रात्री मी फ्रीव्हील वेल्ड करून बंद केलं.
पुढच्या आठवड्यात पंख्यात लुगा गुंडाळलं,
तांबड्या शेवाळाच्या हातहातभर पट्ट्या,
बर्फासारख्या पाण्यात कोपरापर्यंत हात घालून
सुरीने कापत बसलो दोघं.
मग पुढे एक वाकडी सळई लावली.
चालतं आता. कुरकुरतं, पण चालतं.

हातांचं काय करायचं, हे त्याला महिनाभर कळेना.
मांडीवर ठेवले तर पाहुण्यासारखे अवघडून बसत.
खिशात घातले तर होडी कलल्यासारखी वाटे.
शेवटी वाटेत बटाटे सोलायला लागला.
चेलिनला पोचेपर्यंत एका जेवणाचे होतात, म्हणतो,
भरती विरुद्ध असली तर दोन जेवणांचे.

एकदा संध्याकाळी मद्य पिता पिता मधेच थांबला.
"तुला सांगू? चेलिन मी येताना कधी पाहिलंच नव्हतं.
चाळीस वर्षं पाठीने पोचलो तिथे.
आधी चर्चचं टोक उगवतं, मग सफरचंदाची झाडं,
मग माणसं, एकेक करून, कोणी न बोलावता."
मी म्हटलं, "चांगलं आहे की."
तो म्हणाला, "चांगलंच आहे."
आणि ग्लास टेबलावर जरा जास्त जोरात ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओर्फेलिना आली, एप्रनला हात पुसत.
तिने बसायला नकार दिला.
"चाळीस वर्षं मी किनाऱ्यावर उभी राहायची
आणि तो वल्हवताना माझ्याकडे तोंड करून जायचा.
दिसेनासा झाला की मी कोंबड्यांकडे वळायची.
आता त्याची पाठ बघत किती वेळ उभं राहायचं,
ते मला ठरवता येत नाही."
भिंतीवर टांगलेल्या मोटरसायकलच्या आरशाकडे बोट दाखवून
तिने विचारलं, "याचे किती?"

नाळेजवळ डावीकडे बसवलाय, एका लवचीक दांडीवर.
मागून येणाऱ्या लाँचसाठी, असं तो सगळ्यांना सांगतो.
काल मी बसलो होतो त्याच्या जागी, साखळी ताणायला.
आरसा लाटेबरोबर हलत होता,
आणि त्यात कधी छप्पर, कधी आभाळ,
कधी एप्रनचा निळा तुकडा.

वल्ही मात्र त्याने होडीतून काढलेली नाहीत.
"साखळी तुटली तर?" म्हणतो.
दर रविवारी जवसाचं तेल लावतो त्यांना,
हळूहळू, खांद्याला कळू न देता.