सकाळी सातची मूठ

दुपारी तीनला त्या दुकानात आल्या,
पिशवीत चार सुऱ्या, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या.
एकीच्या मुठीला सायकलची ट्यूब करकचून बांधलेली.
एकीला भांडी घासायचा स्पंज, वर चिकटपट्टी.
तिसरी लिऑंहून मुलीने पाठवलेली, औषधांच्या दुकानातली,
करवतीसारखी उभ्या मुठीची, राखाडी रबराची.
"कापते चांगली," मादाम शासँ म्हणाल्या,
"पण ओट्यावर ठेवली
की घराला दवाखान्याचा वास येतो."

चौथी त्यांची.
सव्वीस वर्षं शाळेच्या खानावळीत हिनेच गाजरं चिरली.
मूठ झिजून बारीक, अंगठ्याच्या जागी खळगा.
तो अंगठा आता तिथे पोचत नाही.

मी मांडणीवरून एकेक काढून देत गेलो.
शिंगाची: गार लागते, निसटते.
ऑलिवची: "सुंदर आहे हो.
सुंदर मला पेलत नाही आता."
नासपतीच्या लाकडाची: हलकी. हं. पण बारीक.
बोटं लाकडाभोवती निघायची
आणि अर्ध्या वाटेत थांबायची.
कळतं सगळं, वळत नाही.
वळवायला जावं तर नुसती कळ.

"उद्या सकाळी सातला या," मी म्हणालो.
"सातला? सातला माझे हात माझे नसतात.
दहा वाजतात त्यांना घरी यायला."
म्हणूनच, म्हटलं.

माझे आजोबा इथेच, द्युरोलच्या काठी,
फळीवर पालथे पडून पात्यांना धार लावायचे.
खालून नदीची थंडी चढायची,
म्हणून पोटऱ्यांवर कुत्रं झोपवायचे.
माझ्याकडे कुत्रं नाही.
मी मातीचा गोळा कोमट पाण्यात ठेवला होता.

त्या आल्या. थिएरच्या उतारावर रात्रीच मीठ टाकलेलं,
तरी भिंत धरधरून.
कोटाची वरची तीन बटणं उघडी.
ती लावू का, हे मी विचारलं नाही,
त्यांनीही सांगितलं नाही.

"दाबू नका. फक्त धरा. धरवेल तेवढंच."

मातीत उमटलं ते विचित्र होतं:
दोन बोटं खोल, दोन नुसती टेकलेली,
तळहाताच्या मध्ये भलीमोठी पोकळी.
झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
ही झाकतच नव्हती,
हिचा भाव कोण करणार?
मी फक्त माप घेतलं.
हाताला मूठ असते, सुरीलाही मूठ असते;
एकीला मिटता येत नसेल
तर दुसरीने थोडं पुढे यावं.

आठ दिवस लागले.
नासपतीच आणली, पण जाड, मागे फुगवलेली,
पात्याकडे जराशी कललेली, मनगट सरळ राहावं म्हणून.
पॉलिश नाही. गुळगुळीत मूठ जास्त आवळावी लागते.
कानशीचे ओरखडे तसेच ठेवले.
रेमी, माझा शिकाऊ, हातात घेऊन म्हणाला,
"हे काय, वांगं?"
त्याच्या हातात ती खरंच बसेना.
मलाही जमेना.

"दिवस वर आला, बोटं सैल झाली,
की तुम्हाला मोठी वाटेल," मी आधीच सांगून टाकलं.
"नंतर मी चिरतच नाही," त्या म्हणाल्या,
"सकाळचंच गरम करते."

पिशवीतून त्यांनी लीकची एक कांडी काढली,
माझ्याच फळीवर, बिलांच्या शेजारी, ठेवली.
पहिला काप तिरका गेला. दुसराही.
तिसऱ्याला खांदा खाली आला,
मग त्या बोलायच्या थांबल्या
आणि चिरत राहिल्या, हिरवा भाग संपेपर्यंत,
जिथे कोणी चिरत नाही तिथपर्यंत.

पैशांचं पाकीट उघडून त्यांनी माझ्यापुढे धरलं:
"घ्या तुम्हीच. नाणी उचलायची सुरी
अजून कोणी केली नाही."

त्या गेल्यावर फळीवर चकत्या उरल्या,
काही बोटभर जाड,
काही इतक्या पातळ की खालचं बिल वाचता यावं.
दुपारी रेमीने त्या ऑम्लेटमध्ये घातल्या.
जाड होत्या त्या कच्च्याच राहिल्या.