भरती किती वाजता

पत्रकात लिहिलं होतं: समुद्रदर्शनी, दोन खोल्या, दुसरा मजला,
पंच्याऐंशी हजार पौंड.
लीड्समध्ये एवढ्यात एखादं गॅरेज मिळालं तरी
लोक पेढे वाटतील.
दोन तासांची, दोन डब्यांची गाडी पकडून
आम्ही मोरकमला उतरलो.

खिडकीशी जाऊन पाहिलं
तर समुद्र नव्हता.
चिखल होता, राखाडी, मधूनमधून आरशासारखा,
पार तिकडे डोंगरांपर्यंत.
"येईल," कियेरन म्हणाला, किल्ल्या खुळखुळवत,
जणू समुद्र कोपऱ्यावर दूध आणायला गेलाय.

गुणवंतनं नखानं पोपडा खरवडला,
मग तळवा भिंतीला लावला,
तापल्या पोराच्या कपाळाला लावतात तसा.
"भिंत रडून राह्यली वं."
काय म्हणाले ते? कियेरननं विचारलं.
मी म्हटलं, रंग आवडला त्यांना.

पायऱ्या अडतीस. मी मोजल्या,
त्याच्या गुडघ्यानंही.
लीज उरलंय एकोणसत्तर वर्षांचं.
म्हणजे मी एकशेबत्तीस वर्षांची होईन तेव्हा
कुणीतरी दार वाजवून म्हणेल, चला, निघा आता.
देखभालीचे वर्षाला एकोणीसशे,
जमिनीचं भाडं वेगळं,
मालक म्हणजे एक कंपनी, कंपनी म्हणजे एक पोस्टपेटी.
लाईटबिलाच्या पाठीवर मी बेरीज मांडली,
हातचा एक धरला,
तो कुठे मिळवायचा ते विसरले.

तळमजल्यावरच्या मिसेस होल्ड्सवर्थ
कुत्रं काखेत धरून दारातच उभ्या.
"खिडक्या," त्या कुजबुजल्या, "दर सात वर्षांनी.
मीठ खातं त्यांना."

खाल्ल्या मिठाला जागावं, एवढं आम्हाला शिकवलेलं.
मीठच खायला लागलं तर
त्यानं कुणाला जागायचं,
हे दारव्ह्यात कुणी सांगितलं नाही.
तिथे मीठ गोणीत यायचं, दुकानात, मापानं.
समुद्र मी पहिल्यांदा पाहिला तो विमानातून:
खाली, निळा, न हलणारा,
भूगोलाच्या पुस्तकातून फाडल्यासारखा.

घर पाहावं बांधून, म्हणतात.
आम्ही एक पाहिलं फेडून, पंचवीस वर्षं.
त्याच्या स्वयंपाकघरातून दिसतो
शेजाऱ्यांचा कचऱ्याचा डबा. हिरवा.
मंगळवारी तो रिकामा होतो,
तेवढीच तिथली ओहोटी.

कियेरनला पुढची अपॉइंटमेंट होती.
आम्ही बंदावरच्या बाकावर बसून राहिलो,
चिप्सचा कागद मांडीवर,
एक सीगल आमच्याकडे जप्तीला आलेल्या बेलिफासारखा बघत.
आणि मग ते आलं.
लाट नाही, गाज नाही.
परातीत कणकेच्या कडेनं पाणी सरकावं
तसं घळीघळीतून, सुरकुत्यांतून,
आधी डावीकडे, मग आपल्या पाठीमागेच की काय
असं वाटावं इतक्या गुपचूप.
उभी राहीपर्यंत चिखल गेला होता.
डोंगर पाण्यात उलटे.
गुणवंतच्या हातात चिप तशीच, अर्ध्या वाटेत.

तो काही बोलला नाही.
भिंत पाहिली तेव्हा बोलला होता.

परतीच्या गाडीत त्यानं हिशोबच काढला:
दुरुस्ती, गुडघा, पोरगी ब्रिस्टलला, दवाखाना किती लांब,
आणि आपण गेल्यावर हे विकत कोण घेईल.
सगळं बरोबर होतं.
मी मान डोलावत होते
आणि बाहेर अंधारात मेंढ्या पांढऱ्या दिसत होत्या.
स्किप्टन आल्यावर त्यानं खिशातून एक पुस्तिका काढली,
दोन पौंडांची, भरती-ओहोटीची.
कधी घेतली, मला कळलंच नाही.

सोमवारी कियेरनचा फोन. काय ठरलं मग?
मी म्हटलं, एकदा परत बघायचाय फ्लॅट,
भरतीच्या वेळी.
हरकत नाही, तो म्हणाला,
पण भरती किती वाजता असते, ते बघावं लागेल.

"शुक्रवारी, अकरा चाळीस," स्वयंपाकघरातून आवाज आला.