खांदा

आधी खांदा दुखला.
उजवा. वरचं टोक, जिथं पदराची पिन लागते.
दिवसभर कांड्या भरून भरून आला असेल म्हटलं.
परशराम म्हणाला, बाम लाव.
लावला. दोन दिवस घरभर निलगिरीचा वास,
आणि पोटातली गोष्ट
पोट सोडून खांदा सांगत होता.

पुढं डॉक्टरीणबाईंनी समजावलं,
रक्त आत सांडलं की वर सरकतं,
छातीच्या पडद्याखाली साचतं,
तिथली शीर खांद्याकडनं येते.
म्हणजे अंगातही सीमाभाग असतो.
दुखतं एकीकडं,
नोंद दुसरीकडं.

संमतीचा कागद कानडीत होता.
मला कानडी येतं बाजारापुरतं, भांडणापुरतं,
वाचता येतं बसच्या पाट्यांपुरतं.
त्या कागदावर एकही गाव नव्हतं.
सिस्टर शिवलीला बोट ठेवून वाचत गेली,
निम्मं तिच्या भाषेत, निम्मं माझ्या.
ती नळिके म्हणाली, मला नळी ऐकू आली.
फुटलीय, काढायला लागतंय, आत्ताच.
मी सही केली मराठीत.
सुवर्णातला र्ण
काही केल्या जमेना.

शुद्धीवर आले तेव्हा घसा कोरडा
आणि शेजारच्या खाटेवर बैलहोंगलची नीलव्वा,
पिशवी काढलेली, तीन सुनांची सासू.
अळब्याड तंगी, म्हणाली.
मी रडत नव्हते.
पण एवढ्या मायेनं कुणी रडू नको म्हटल्यावर
न रडणं बरं दिसेना.

परशरामच्या हातात त्यांनी बरणी दिली होती,
पांढऱ्या झाकणाची, प्लास्टिकची.
पाचच्या आत लॅबला पोचव म्हणाले.
त्यानं रिक्षा केली नाही, धक्के बसतात म्हणून.
कॉलेज रोडनं चालत गेला, बरणी शर्टाच्या आत,
चिठ्ठीवरची शाई घामानं पसरू नये म्हणून
मध्ये रुमाल.
काउंटरवर विचारलं, नाव काय?
तो जरा थांबला.
मग माझं सांगितलं.

हे मला कळलं आठ दिवसांनी,
तो कांद्याची पात निवडत होता,
मान वर केली नाही.

वडगावात गल्लीभर माग.
खट्याक खट्याक, पहाटेपासून,
एकेक ठोका टाक्यांपाशी येऊन टेकायचा.
खोकला आला की उशी पोटावर दाबायची,
हसू आलं तरी तेच,
आणि हसू यायचं, का कोण जाणे,
सासूबाई कळशी हातातनं ओढून घ्यायच्या,
वजन उचलू नको गे, आणि मग
स्वतःच कंबर धरून बसायच्या.

पडलं काय गे, विचारायच्या बायका, हळू आवाजात.
पडलं म्हणायला
आधी पोचावं लागतं.
हे वाटेतच राहिलं, अरुंद जागी,
तिथंच घर समजून वाढायला लागलं.
एवढं सगळं दारात उभं राहून कसं सांगणार?
व्हय, म्हणायची मी. पडलं.

दर सोमवारी रक्त द्यायचं.
तीन हजार एकशेचाळीस.
चारशे दोन.
एक्कावन्न.
आकडे उतरत होते, पण सकाळी
फोडणीचा वास अजून नको व्हायचा.
अंगाला कुणी कळवलंच नव्हतं.
मीच सांगायला हवं होतं,
पण कुठल्या तोंडानं.

चौथ्या सोमवारी पाचाच्या खाली.
छान, म्हणाल्या डॉक्टरीणबाई,
दुसरी नळी चांगली आहे.
मी मान हलवली.
येताना परशरामनं पाव किलो कुंदा घेतला
आणि कशाबद्दल, ते दोघांनाही सुचेना,
म्हणून डबा तसाच फळीवर राहिला,
मुंग्या लागेपर्यंत.

आता कांड्या भरते पूर्वीसारख्या.
खांदा दुखत नाही.
बामची बाटली निम्मी उरली होती,
ती सासूबाई गुडघ्याला लावतात, रात्री,
दिवा मालवल्यावर.
वास आला की मी उठते,
मागच्या दारी जाऊन उभी राहते जरा वेळ.
त्या विचारत नाहीत.
झाकण घट्ट लावल्याचा
तेवढा आवाज येतो.