रकाना पाच

केंद्रातून तक्ता आलाय.
रकाना चार : पुस्तक पूर्ण वाचले का? हो / नाही.
रकाना पाच : विद्यार्थी काय शिकला, एका वाक्यात.

डिग्रजच्या आमच्या शाळेत
ग्रंथालय म्हणजे दोन लोखंडी कपाटं,
त्यातल्या एकाची किल्ली माझ्या पर्समध्ये.

सहावीतली जस्मिन मुलाणी
सुट्टीच्या दिवशी आईबरोबर हळद निवडायला जाते.
तिनं परत केलेलं कुत्र्याचं पुस्तक चाळलं :
पानापानाच्या कोपऱ्याला पिवळं बोट,
एकेचाळीसपर्यंत.
पुढं कोरं.

"अर्धंच वाचलंस व्हय गं?"
मान खाली. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत राहिली.
"अवधूतनं सांगितलं बाई, पुढं ते मरतंय.
मग मी परत पहिल्यापासनं वाचलं.
तीनदा.
तिथवर जित्तं हाय न्हवं."

मी पुस्तक उजेडात धरलं.
खरंच, बोटावर बोट होतं,
पहिल्या पानाचा कोपरा तर
भंडारा उधळल्यासारखा.

रकाना चार : नाही.
पाच रिकामा. तक्ता परत येईल,
येऊ दे.

रजिस्टरात पुस्तक पुन्हा
तिच्याच नावावर टाकलं.