अकरा किलोमीटर कमी

नागपूरला समुद्र नाही,
म्हणून आयोजकांनी तळी जोडली:
फुटाळा, गोरेवाडा, कोराडी,
कन्हानचा पूल, मग खिंडसी, मग पेंचचं धरण.
नकाशावर निळ्या पेनानं लिहिलं, किनारा यात्रा.
चार दिवस, दोनशे बारा किलोमीटर,
सिकलसेलच्या पोरांसाठी.

मी रक्तपेढीत एकोणीस वर्षं.
विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी
काचपट्टीवर रोज बघते.
सायकल भाच्याची, सीट इतकं उंच
की सिग्नलला झाडावरून उतरल्यासारखं उतरावं लागतं.

पानठेल्यावरचे हेडाऊ म्हणाले,
"काऊन जिवाचे हाल करता मॅडम?
लिहा माझे, किलोमीटरमागं पाच रुपये.
पण मोजून घेईन, सांगून ठेवतो."

चौदा नंबरच्या खाटेवर सुगत, वय नऊ.
त्यानं एकच शब्द ऐकला होता, किनारा.
"मंग शंख आणजा माह्यासाठी."
मी हो म्हटलं.
नकाशा काही समजावत बसले नाही.

पहिला दिवस हौसेचा.
झीरो माईलच्या दगडी घोड्यांपुढं फोटो,
तर्रीपोह्यांनी भाजलेली जीभ,
कोराडीच्या तळ्यात चिमण्यांचा धूर उलटा, खाली वाहणारा.
दुसऱ्या दिवशी कोळशाचे ट्रक.
रुमाल काळा, थुंकी काळी.
संध्याकाळी खिंडसीवर कोणीतरी म्हणालं,
"अगदी समुद्रच ना?"
पलीकडचा काठ स्वच्छ दिसत होता,
काठावर बकऱ्या.

शंख नव्हताच.
चिखलात एक शिंपला मिळाला,
वरून काळपट,
आतून दुधावर साय धरलेली.

तिसऱ्या दिवशी, आमडी फाट्यानंतर,
वारा समोरून.
जानेवारीचा, कोरडा, हट्टी.
डावा गुडघा आधी बोलला, मग ओरडला.
केळी आणि ग्लुकोज वाहणारा टेम्पो शेजारून हळू झाला.
इरफान म्हणाला,
"बसा ताई. कोणी पाहून नाही राहिलं."

बसले.
मागच्या फळीवरून पाहिलं,
तीन दिवस पुढून येणारा रस्ता
आता पाठीकडं निघून चाललेला,
सोपा, कुणाचाच नसलेला.
दुखण्याला टेम्पो नसतो,
असं एक वाक्य मनात आलं.
पुसून टाकलं.
असली वाक्यं फलकावर शोभतात.
मी केळं खाल्लं.
अकरा किलोमीटर.

शेवटी पदकं, हार, माईकची शिट्टी.
तक्त्यात मी दोनशे एक लिहिलं.
संयोजकांनी खोडून दोनशे बारा केलं.
"टेम्पोचे धरतो आपण, मॅडम."

हेडाऊंना मात्र खरं सांगितलं.
त्यांनी कात लागलेल्या बोटांनी
एक हजार पाच मोजले,
वरची पाचाची नोट चिकटपट्टी लावलेली.
"आणि पंचावन्न?"
"ते तुमच्याकडं उधार."

वॉर्डात गेले तर सुगतला सुट्टी झालेली.
चौदा नंबरवर दुसरीच मुलगी,
सलाईनचा हात सांभाळत
एका हातानं संत्रं सोलत होती.
या आजारात पोरं परत येतात.
मला ठाऊक आहे, मी त्यांच्या नळ्यांवर नावं लिहिते.
शिंपला देता यावा म्हणून
त्यानं परत यावं,
असं चुकूनही मनात येऊ नये,
म्हणून तो घरात ठेवला नाही,
पंक्चरच्या सामानातच राहू दिला.

आज रविवार.
सहा वाजता फुटाळ्यावर धुकं,
कणीस भाजणारी अजून शेगडी फुंकतेय.
गुडघ्याला पट्टा बांधून मी एकटीच फेऱ्या मारते.
पदक नाही, टेम्पो नाही, वारा नाही.
पिशवीत पान्ह्यावर शिंपला वाजतो.
आठ झाले.
चष्म्यावर दंव.
नऊ.
एक म्हातारा हाक मारून विचारतो,
"काय हरवलं काय ताई, सारखं सारखं इथंच?"
हात हलवते.
दहा.