पाण्याला तोंड

आईच्या खणात, लोकरी हातमोज्यांच्या खाली सापडलं.
पुरुषी, जाड, स्टीलचं.
काच इतकी खरवडलेली
की बारा आणि सहा धुक्यातल्या माणसांसारखे.
उचललं तसं आत काहीतरी घरंगळलं
आणि सेकंदकाटा निघाला,
जणू उशीर मीच केला होता.

मी टॅक्सी चालवतो, कामिसुवा स्टेशनपासून तळ्याच्या कडेकडेनं.
घड्याळातलं मला शून्य कळतं.
म्हणून गेलो इकुए मिसावांकडे.
चौतीस वर्षं त्यांनी कारखान्यात
तिळाहून बारीक स्क्रू बसवले.
आता घरीच, रेडिओ लावून,
कुणी आणलं तर उघडून बघतात.

"खुळखुळ्यासारखं हलवू नका."
हे त्यांचं पहिलं वाक्य.
"चाकूनं उघडायला गेलात?"
मी गप्प. ओरखडा बोलत होता.

"आत अर्ध्या चंद्राएवढं वजन असतं.
हात हलला की ते फिरतं, स्प्रिंग भरते.
याला किल्ली नाही.
माणूस चालला तर हे चालणार."

मग पाठ वर करून आकडे वाचले.
पहिला आठ, दुसरा तीन.
"आठ सालचा मार्च."
कुठलं आठ?
"ते हे सांगत नाही. आठ दर दहा वर्षांनी येतंच."

मला अडुसष्ट हवं होतं.
अडुसष्ट म्हणजे बाबा.
एकाहत्तरच्या जानेवारीत गेले, मी दीड वर्षाचा.
एकच फोटो आहे,
त्यातही दोन्ही हात कोटाच्या खिशात.

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं.
"पूर्वी कंपन्या छातीठोक लिहायच्या, वॉटरप्रूफ.
पाणी शिरणारच नाही म्हणे.
सत्तरच्या आसपास नरमल्या.
मग नुसतं वॉटर रेझिस्ट.
पाण्याला तोंड देईल, एवढंच.
तुमच्यावर दुसरं आहे.
हे अठ्ठ्याहत्तर."

रेडिओवर बर्फाचा अंदाज सांगत होते.
मी सात वर्षं मोजली.
सात वर्षांत कुणाचाही हात बसतो.
सफरचंदांची पेटी दारात ठेवून
चहा न घेता जाणारे ओगुची आठवले.
ते खरंच चहा घेत नसत का?

"पट्टा बघा," बाई म्हणाल्या.
कारखान्याची भोकं कोरी करकरीत.
त्यांच्या पलीकडे दाभणानं पाडलेली दोन,
वाकडी,
आणि झिजलेली तीच.
"एवढ्या मनगटाचा पुरुष मी पाहिला नाही."

कडेच्या खाचेत काहीतरी पांढुरकं वाळून बसलेलं.
काडीनं काढून त्यांनी कागदावर ठेवलं.
मी ओळखलं.
अगर.
समुद्री शेवाळाचा रस, जो आई हिवाळाभर
हंड्यात ढवळायची,
वड्या पाडून भाताच्या कोरड्या शेतात
रात्रीच्या थंडीला मांडायची.
रात्रभर हात हलताच.

पण पुरुषी का?
"बायकांची तेव्हा बहुतेक नाजूक, रोज किल्ली मागणारी.
बधिर बोटांनी ती कशी द्यायची?"
एवढं बोलून त्या झाकण पुसायला लागल्या.

तारीख एकोणीसवर अडकली होती.
कुठल्या महिन्याची, तेही हे सांगत नाही.
शेवटची दोन वर्षं ती अंथरुणात.
हात पांघरुणावर.
मी उशाशी नवं घड्याळ ठेवलं होतं, मोठ्या आकड्यांचं,
त्याच्याकडे ती कधी बघायची नाही.

घरी येताना सूचना:
रात्री नऊनंतर तारीख बदलू नका, दाते तुटतात.
फोनशेजारी ठेवू नका.
चकाकी आणू नका, कडा जातात, मग ओळख जाते.
आणि पाणी?
"आता नको. तोंड देऊन झालंय त्याचं."

टॅक्सीत हात फार हलत नाहीत.
स्प्रिंग अर्धपोटी राहते, आठवड्याला एकदा ते थांबतं.
मग पहाटे गाडी कडेला घेतो, उतरतो,
गोठलेल्या तळ्याकाठी उभा राहून
नसलेला हंडा ढवळतो,
हळूहळू, वीस-पंचवीस वेळा.
कुत्रं फिरवायला आलेली बाई
मला बघून रस्ता ओलांडते.